समोरचा जॉ आधी सैल कर

बेळगाव, सोमवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

पत्र बघून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, हे एक. आणि जे सांगायचंय ते फोनवर सांगून झालंच नसतं. मध्येच दुसरा फोन आला असता आणि मी ‘ठेवतो हं आई’ म्हणून मोकळा झालो असतो.

काल खानापूरला आलो होतो तेव्हा बाबा, तुम्ही विचारलंत, ‘उपासनेला जायलास की नाही?’ मी ‘होय की’ म्हटलं. जातो हे खरंच आहे. पण या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, पाळकसाहेब भाकर मोडत होते आणि माझ्या खिशात फोन थरथरला. कोल्हापूरची पार्टी. पंपाच्या केसिंगचे जॉब त्यांना दुसऱ्या दिवशी हवे होते. मी उठून बाहेर गेलो. पागोळ्यांखाली उभा राहून दर, गाडी, बिल सगळं बोललो. आत आलो तेव्हा शेवटची रांग वेदीपासून परत फिरत होती. मी जाऊन माझ्या जागेवर बसलो.

तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं नाही, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. वाईट वाटलं ते तीन दिवसांनी, शेडमध्ये, लेथपाशी.

नवीन पोरगा कास्टिंग बांधत होता आणि त्याचा जॉब काही केल्या मधोमध येईना. मी न बघताच ओरडलो, ‘अरे, समोरचा जॉ आधी सैल कर!’ बाबा, तो तुमचा आवाज होता. उद्यमबागेत कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्ही मला हेच वाक्य वीस वेळा ऐकवलं असेल.

आई, तुला सांगतो. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरायला चक असतो. त्या चकला चार जॉ, म्हणजे चार पकडी असतात, चारही वेगवेगळ्या सरकतात. जॉब त्यांच्यात धरायचा, डायल लावायचा आणि चक हातानं फिरवायचा. काटा एका बाजूला जास्त गेला की समजायचं, जॉब आऊट आहे. नवीन माणूस मग ज्या बाजूला जॉब बाहेर आलाय तिकडचा जॉ आवळत सुटतो. जॉब तसूभरही हलत नाही, कारण समोरच्या जॉनं त्याला धरून ठेवलेलं असतं. फार जोर लावला तर कास्टिंगच तडकायचं. समोरचा थोडा सैल केला आणि मग हा आवळला, की जॉब सरकतो. आणि आऊट असलेला जॉब हळू फिरताना कळतही नाही. मशीन वेगात गेलं की सगळं हादरायला लागतं.

गेली दोन वर्षं मी नुसता आवळतोय. पाचचा गजर लावला. वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचा तक्ता फोनमध्ये घेतला, तो लेवीयपर्यंत, म्हणजे तिसऱ्याच पुस्तकापर्यंत गेला. उपवासकाळात उपवास केले. रोज सकाळी पन्नास जणांना वचन पाठवतो, आणि त्यातलं एकही मी स्वतः थांबून वाचलेलं नसतं. समोरचा जॉ मात्र तसाच घट्ट. मी सगळ्यांना कधीही सापडलो पाहिजे, हा तो जॉ.

त्या रात्री मार्काचं शुभवर्तमान काढून बसलो. पहिला अध्याय. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं, किती आजारी बरे झालेले. आणि प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो आणि सांगतो, सगळे तुला शोधतायत. ती माणसं काही रिकामटेकडी नव्हती, खरीखुरी दुखणी घेऊन आली होती. तरी प्रभू त्यांना तेवढा वेळ सापडला नाही. लहानपणापासून कितीदा ऐकलेला अध्याय, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

आई, मग मला तू आठवलीस. वडगावातली आपली खोली, कोपऱ्यात शिलाई मशीन, कॉटवर आजी. संध्याकाळी दिवे लागले की तू मशीनवर कापड टाकायचीस आणि भिंतीकडे तोंड करून बसायचीस. नेमक्या त्याच वेळी बायका ब्लाऊज न्यायला यायच्या. दारावर थाप पडायची. मी उठायला लागलो की तू डोळे न उघडता हात करायचीस. एकदा मी म्हटलं, ‘आई, गिऱ्हाईक जाईल की.’ तू म्हणालीस, ‘जाऊ दे की.’ आपल्याकडे पैसे किती कमी होते हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, आईला सवयच आहे.

तू रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचीस आणि त्यांच्या प्रवासाची गोष्ट सांगायचीस. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा साहेब भेटला, बोलणं निघालं, त्यानं नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या डब्यात मी असतो तर समोर कोण बसलंय हे मला दिसलं असतं का? मान खाली, अंगठा काचेवर.

आणि फक्त धंदाच नाही, हेही कबूल करतो. १ नोव्हेंबर जवळ आला की माझा फोन पेटतो. इकडे कर्नाटक राज्योत्सव, तिकडे मराठी माणसांचा काळा दिवस. मराठीवर माझं प्रेम आहे, ते कमी व्हावं असं मला वाटत नाही. पण गेल्या वर्षी रात्री एक वाजता मी ग्रुपवर असं काही लिहिलं की कन्नड उपासनेतला आपला एक भाऊ, ज्यानं आजीच्या शवपेटीला खांदा दिला, तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं तेव्हा १९५६ ची ही राज्यांची रेघ कुठं होती? मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा झाला. पण त्या रात्री माझी प्रार्थना राहिली होती, हे त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

तर आता सैल काय केलं ते लिहितो. कोल्हापूरच्या पार्टीला सांगितलं, रविवारी बारापर्यंत मी फोन घेणार नाही. ते चिडले. एक ऑर्डर दुसरीकडे गेली, साधारण तीन दिवसांचं काम. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. रात्री फोन शेडमधल्या ड्रॉवरमध्ये ठेवून घरी येतो. पहिल्या दोन रात्री हात सारखा खिशाकडे जात होता. प्रार्थनेला बसलो की अजून पार्टीचे हिशेब डोक्यात येतात. काटा थरथरतोच आहे, पण पूर्वीइतका जात नाही.

बाबा, तुम्ही सकाळी मशीन चालू करण्याआधी लेथच्या बेडवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचा. आम्हा पोरांना वाटायचं, तेल बघताय. काल विचारणार होतो, राहून गेलं. तेव्हा तुम्ही काय म्हणायचा, ते मला सांगाल?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मला तुम्हा दोघांच्या मध्ये बसून प्रभुभोजन घ्यायचंय. शनिवारी संध्याकाळच्या बसनं खानापूरला येतो, फोन इथंच ठेवून. बस चुकली तर कळवता येणार नाही, तेवढी वाट बघा. आईसाठी कुंदा आणतो. बाबांना एकच चमचा, साखर वाढलीय म्हणे.

तुमचा,
मोठा मुलगा