शाळेचं ग्राउंड संध्याकाळी उघडं ठेवा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मुलं मोबाईल सोडत नाहीत म्हणून आपण सगळेच ओरडतो, पण मोबाईल खाली ठेवून त्यांनी जायचं कुठे हे कोणी सांगत नाही. आमच्या इथल्या शाळेला चांगलं मोठं ग्राउंड आहे, पण शाळा सुटली की गेटला कुलूप, आणि सोसायटीत बॉल आणला की पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा फुटतील म्हणून लगेच वॉचमन हाकलतो. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती आठवड्याच्या दोन पीटी पिरियडमध्ये कशी होणार, त्यातला एक तर गणिताचे सर घेऊन टाकतात!

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, आणि दोन्ही कॅप्टन, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. मुलीला हे सांगितलं तर ती लगेच मैत्रिणींना गोळा करून आली. आता या खेळाला लागतं काय, दोन खांब आणि फक्कीच्या रेघा, ना महागडी बॅट ना कोचिंगची फी. आणि खरं सांगते, मुलांना 'व्यायाम करा' म्हटलं की कंटाळा येतो, पण खेळायला चार जण जमले की त्यांना घरी बोलवावं लागतं.

म्हणून शाळांना कळकळीची विनंती, संध्याकाळी ५ ते ७ गेट उघडं ठेवा, लक्ष ठेवायला आम्ही पालक पाळीपाळीने येऊ.

- एक पालक, पुणे