हक्काचे काम मेहेरबानीने का व्हावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचे वारे वाहू लागले की वाचकांच्या पत्रांतून एक तक्रार हटकून वाचायला मिळते. गोव्याचा मतदार पैशाला आणि योजनांना भुलतो, आणि म्हणून लोकानुनय करणारे नेते थोडक्या मतांनी का होईना, पुन्हा पुन्हा निवडून येतात, असा तिचा सूर असतो. फोंडा तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत मी एकतीस वर्षे शिकवले, अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले, आणि ही तक्रार मला मतदारावर अन्याय करणारी वाटते. सरकारी कचेरीत त्याचे काम अडते, ते मोकळे करून देणाऱ्याला तो लक्षात ठेवतो, आणि जिथे शे-दोनशे मतांवर निकाल फिरतो तिथे एवढी आठवण पुरते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार होते आणि ४० जागांसाठी ३०१ उमेदवार उभे होते. सांत आंद्रेत ७६, फोंड्यात ७७, वेळ्ळीत १६९ आणि प्रियोळात २१३ मतांनी निकाल लागला. खुद्द मुख्यमंत्र्यांचे साखळीतील मताधिक्य ६६६ होते. सत्तेवर आलेल्या भाजपने ३३ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन ४० पैकी २० जागा जिंकल्या. सत्याहत्तर मते म्हणजे आमच्या वाड्यावरची वीस-बावीस घरे. अशा बहुरंगी लढतीत सगळ्या मतदारसंघाचे मन वळवण्याची गरज कोणालाच नसते. आपली बांधलेली मते राखायची आणि काठावरची शंभर घरे गाठायची, एवढेच गणित असते. बांधलेला मतदारही सहजी सुटत नाही. आपल्या उमेदवाराचे बोलणे-वागणे पटले नाही तरी ‘तो दुसरा आला तर आपले काय होईल’ या धास्तीने तो तिथेच राहतो, आणि लढत जितकी अटीतटीची तितकी ही धास्ती वाढते. हे काही गोव्यापुरते नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांना देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते पडली, पण तीन राज्यांतल्या मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांच्या फरकाने ते अध्यक्ष झाले.

मतदार केवळ पैशाला भुलतो म्हणणाऱ्यांनी त्याच निवडणुकीतील आणखी एक गोष्ट आठवून पाहावी. सर्वांत मोठी रक्कम तृणमूल काँग्रेसने देऊ केली होती. घरटी एका महिलेला दरमहा ५००० रुपये, अशी ती ‘गृहलक्ष्मी’ योजना होती आणि तिची कार्डे घरोघर भरून घेतली जात होती. त्या पक्षाला पाच टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि एकही जागा मिळाली नाही. उलट २०१२ पासून चालू असलेल्या, गृहिणींसाठीच्या सरकारी ‘गृह आधार’ योजनेची रक्कम त्या मानाने कितीतरी कमी, दरमहा १५०० रुपये होती, पण ती खात्यात जमा होत होती, आणि अर्जात खोट निघाली तर कोणाकडे जायचे हे बायकांना ठाऊक होते. माणूस ओळखीचा आहे का, हाक मारली तर येतो का, हे त्यांनी आधी पाहिले आणि आकडा नंतर.

हे मी घरातच अनुभवले. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. वृद्धांना मिळणारे तिचे मासिक मानधन एका वर्षी अचानक बंद झाले, कारण तिने वेळेवर दिलेल्या हयातीच्या दाखल्याची नोंद कुठेतरी राहून गेली होती. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि पोच दिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती माझ्याबरोबर एका सरकारी कचेरीत तीनदा गेली. पहिल्यांदा साहेब मिटिंगला गेले होते, दुसऱ्यांदा सर्व्हर बंद होता, तिसऱ्यांदा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता ‘फाल्यां यो’ (उद्या ये) म्हटले. पोच दिलेली चिठ्ठी तिने काचेला टेकवून धरली होती. ती कोणी हातातही घेतली नाही. त्या आठवड्यात एका इच्छुक उमेदवाराचा कार्यकर्ता घरी आला, बाकावर बसून चहा प्याला, चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेला, आणि पुढच्या महिन्यात थकबाकीसह पैसे जमा झाले. मतदानाच्या दिवशी मी आईला त्या उमेदवाराच्या कारभाराबद्दल चार गोष्टी सांगू लागलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘आमकां कोण विचारना, ताणें विचारलें.’ मला पुढे बोलता आले नाही. तिला फुकट काही मिळाले नव्हते. तिचेच पैसे तिला परत मिळाले होते. तरीही तिने त्याचे उपकार मानले, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

पक्ष पाहून मत द्यावे, असा उपदेश आपण सुशिक्षित लोक करतो. पण त्या पक्षांनी स्वतःची काय किंमत ठेवली आहे? जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. त्या अनुभवामुळे २०२२ च्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्षांतर न करण्याची शपथ घ्यायला लावली गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. चिन्हाला दिलेले मत कुठे जाऊन पडेल याची खात्री उरली नाही, तर मतदार माणसाकडेच पाहणार.

लोकप्रिय नेता म्हणजे लोकानुनयी नेता नव्हे, हे गोव्याला नव्याने शिकवायला नको. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनाही १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत बहुजन समाजाने डोक्यावर घेतले होते. भाटकारांविरुद्धचा, म्हणजे जमीनदारांविरुद्धचा, रोष त्यांच्यामागे होता. पण त्या रोषातून १९६४ चा कूळ कायदा झाला, गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि पुढे त्यांच्या कन्या, मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा आला, कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवले. कायद्याने दिलेल्या हक्कासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. त्याच कायद्यांखालचे कूळ-मुंडकारांचे दावे मामलेदारांपुढे वर्षानुवर्षे पडून राहिले, आणि हक्काच्या त्या कागदासाठीसुद्धा लोकांना पुन्हा कोणाचा तरी शब्द टाकावा लागू लागला.

खाणपट्ट्यातही असेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाण-लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि खाणी बंद पडल्या. डिचोली-सत्तरी-सांगे भागात ट्रकांचे हप्ते थकलेल्या घरांना कोणी सरळ हिशेब समजावला नाही. ‘खाणी लगेच सुरू करतो’ हे सोपे उत्तर मात्र प्रत्येक जण देऊन गेला. जमिनी आणि नोकऱ्या बाहेरच्यांनी घेतल्या, या भीतीचेही तसेच. शेतांवर इमले उभे राहताना दिसतात, म्हणून ती भीती निराधार नाही, पण तिला ‘भायल्यां’वर बोट दाखवणारे एका वाक्याचे उत्तर मिळते आणि जमिनीचे रूपांतर कोणाच्या सहीने झाले हा प्रश्न मागे पडतो. असे सोपे उत्तर देणाऱ्याला हसून, त्याच्या मतदाराला अडाणी ठरवून, त्याचा पराभव होत नाही. उलट, जिथे शंभर घरे निकाल फिरवतात, तिथे आपल्या अशा एका शेऱ्याने ती घरे त्याच्याकडे ढकलली जातात.

नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्यात २०१३ पासून आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, हे त्याखाली ठरवून दिलेले असते. माझी आपल्याला विनंती आहे की आपल्या प्रतिनिधींनी तालुक्यातालुक्यांत जाऊन किती अर्ज मुदत उलटून पडून आहेत याचे आकडे मागवावेत, आणि योजनांच्या जाहिरातींना मिळते तितक्याच ठळक जागी ते दरमहा छापावेत. उमेदवार मुलाखतीला येतील तेव्हा किती पैसे देणार हे विचारण्याआधी, आपल्या मतदारसंघातील हे पडून राहिलेले अर्ज आपल्या फोनशिवाय कसे निघतील, हे त्यांना विचारावे. आईचा यंदाचा हयातीचा दाखला पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. या वेळी त्याची नोंद झालेली मला त्याच खिडकीवर पाहायची आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, फोंडा