जुन्या डॅशबोर्डला ग्राइंडर लावण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वडगावला एका मित्राकडे गेलो होतो. त्यांच्या वडिलांच्या वेळची फियाट त्यांनी नुकतीच एका गॅरेजमधून नवी करून आणली होती. रंग झकास, सीटचं काम झकास. दार उघडून आत वाकलो आणि पोटात गोळाच आला. पत्र्याच्या मूळ डॅशबोर्डला ग्राइंडरने चार भोकं पाडली होती, तीही धड गोल नाहीत. कडांना कानस लागली नव्हती, वरून काळा रंग मारून सगळं झाकलेलं. त्यात चार जादा मीटर. मागे हात घालून चाचपलं तर चारही मीटरच्या वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळलेली, फ्यूजचा पत्ता नाही. मित्र म्हणाले, "पोरगा म्हणाला, हॉट रॉडसारखं करूया." हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीची ताकद वाढवून केलेली वेगवान गाडी. पुढच्याच आठवड्यात आंबोलीला जाताना शिनोळीच्या पुढे त्यांना वायर जळाल्याचा वास आला. बॅटरीची तार वेळेवर उपसली म्हणून गाडी वाचली. तेव्हापासून हे पत्र मनात होतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. ओतायच्या भागाचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, घडवायचा आणि वाळूत त्याचा साचा करायला तो फाउंड्रीच्या हवाली करायचा, हा माझा धंदा. माझ्याकडे सासऱ्यांकडून आलेली महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. तिलाही मी ऑइलच्या दाबाचा, तापमानाचा आणि बॅटरीच्या व्होल्टचा असे तीन जादा मीटर बसवले आहेत. त्यामुळे त्या पोराची हौस मला कळते. किंबहुना घाटात चालणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीला हे मीटर असायलाच हवेत, अशा मताचा मी आहे.

हे मत मला महागात पडून झालं आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही गोव्याहून परत येत होतो. साखळी, केरी करत चोर्ला घाट चढलो. मागे बायको आणि मेहुणी, शिवाय फणस. माझ्या जीपच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरसाठी काटा नव्हता, फक्त एक लहान दिवा होता. तो पेटला नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. कणकुंबीच्या अलीकडे इंजिनातून ठकठक सुरू झाली, आणि गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंग गेलं होतं. ऑइल फिल्टरच्या पाइपची जोडणी सैल होऊन सगळ्या घाटभर ऑइल गळत आलं होतं. आणि दिव्याचा बल्ब? तो कधीचा उडालेला होता. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी हा दिवा पेटायला हवा, एवढं रोज बघितलं असतं तरी पुरे होतं. क्रँक ग्राइंड करून घ्यावा लागला, जीप दोन महिने उभी राहिली.

बल्ब चांगला असता तरी तो दिवा पेटला असता दाब जवळजवळ संपल्यावरच. काट्याचं तसं नसतं. माझ्या जीपचं इंजिन गरम झाल्यावर चाळीसच्या वेगाला काटा ३५ ते ४० पौंडांच्या मध्ये असतो. तो एके दिवशी २५ वर दिसला तर मला अजून गाडी थांबवायला वेळ असतो.

आता हॉट रॉडबद्दल. मोबाइलवर त्या गाड्यांचे फोटो बघून आपली मुलं भारावतात, आणि त्यात वावगं काहीच नाही. पण त्या डॅशबोर्डवर मीटरची रांग कशासाठी आली, हेही त्यांनी समजून घ्यावं. फोर्डने १९३२ मध्ये व्ही-८ इंजिनाची स्वस्त गाडी काढली. कॅलिफोर्नियातली पोरं अशा जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन त्यांचं वजन उतरवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर वेग अजमावायची. कारखान्याने ठरवलं त्यापेक्षा जास्त काम इंजिनाकडून घ्यायचं तर त्याचा दाब आणि ताप डोळ्यांसमोर हवा, म्हणून स्टुअर्ट-वॉर्नरचे मीटर त्या गाड्यांत आले. ऑबर्न गाडीचा लांबट मीटर-पॅनेल काढून फोर्डमध्ये बसवायची तर चालच पडली होती. त्यांनी डॅशबोर्ड कापले, हे खरं. पण त्यांच्या दृष्टीने ती निव्वळ जुनी, वापरलेली गाडी होती, आणि तशा गाड्या तिथे रग्गड होत्या. आपल्याकडे सासऱ्यांची जीप एकच असते. तिच्या डॅशबोर्डवर गिअरची आकृती दाखवणारी कंपनीची पाटी आहे, सासऱ्यांनी लावलेल्या गणपतीच्या दोन स्क्रूंची भोकं आहेत. तो पत्रा एकदा कापला की कुठल्या दुकानात परत मिळणार?

म्हणून मी डॅशबोर्डच्या खाली वेगळा पॅनेल टांगला. आधी पुठ्ठा कापून जागेवर धरून बघितला. गिअर टाकताना हाताची बोटं लागतात का, वायपरची तार आड येते का, मीटरमागे वायरी वळायला जागा राहते का, हे पुठ्ठ्यावरच कळतं. मग सागवानाचा पॅटर्न केला. ॲल्युमिनियम थंड होताना दर एक मीटर लांबीला साधारण १३ मिलिमीटर आकसतं. माझा पॅनेल २३० मिलिमीटरचा, म्हणून पॅटर्न २३३ चा केला. बाजारात मिळणाऱ्या छोट्या मीटरचं अंग ५२ मिलिमीटरचं असतं. भोकं मी मुद्दाम ४९ ची ओतून घेतली आणि नंतर लेथवर बोअर करून मीटर सरकेल एवढी वाढवली. ओतकाम केलं एका लहान फाउंड्रीत. तिथला गोकाककडचा मोल्डर माझ्यासारखाच म्हातारा. साचा उघडायची मला घाई झाली तर हात धरून म्हणाला, "स्वल्प तडी री (जरा थांबा), अजून लाल हाय आत." तसा हात मी फार वर्षांनी बघितला. पॅटर्न वाळूतून उचलताना कड एवढीशीही ढासळली नाही. पॅनेल डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आधीपासून असलेल्या दोन बोल्टांवर बसला. उद्या माझ्या मुलाने काढायचा म्हटला तर दहा नंबरच्या पान्याने पाच मिनिटांत निघेल, आणि जीप जशी होती तशी राहील. मीटर थोडे फिरवून असे बसवले आहेत की सगळं ठीक असताना तिन्ही काटे सरळ वर असतात. रस्त्यावरून नजर न काढता डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं.

वायरिंगबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण मित्राची गाडी जळता जळता वाचली ती याच बाबतीत. ऑइलचा मीटर दोन प्रकारचा मिळतो. एकात बारीक नळीतून इंजिनाचं गरम ऑइलच मीटरपर्यंत येतं. आत चपटी वाकडी नळी असते, दाबाने ती सरळ होऊ बघते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या बूर्दाँने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक प्रेसच्या मीटरमध्ये आजही चालते. मीटर अचूक, पण नळी तांब्याची असेल तर थरथरून चिरते आणि नायलॉनची असेल तर सायलेन्सरच्या बाजूला वितळते. आणि फुटली तर उकळतं ऑइल पायावर. मी म्हणून विजेवर चालणारा घेतला. त्याचा सेंडर, म्हणजे दाब ओळखून मीटरला विजेने कळवणारा भाग, इंजिनावर 'टी' आकाराची जोडणी लावून बसवला, त्यामुळे जुना दिवाही चालू राहिला. सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये, त्याला विजेचं अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे घ्यावेत. काही सेंडर १० ते १८० ओहमचे असतात, काही अमेरिकन २४० ते ३३ चे, म्हणजे चक्क उलटे. भंगार बाजारातला सुंदर मीटर भलत्या सेंडरला जोडला तर काटा बिनदिक्कत खोटं बोलतो.

ॲमीटर मी लावलाच नाही. चार्जिंगचा सगळा करंट त्यातून जातो, म्हणजे जाड वायर डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यायची. पत्र्याच्या भोकात ती घासली की मित्राच्या गाडीसारखी गत. त्याऐवजी व्होल्टमीटर लावला. त्याला बारीक वायर आणि लहान फ्यूज पुरतो. इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १४ च्या आसपास दिसलं की बॅटरी, चार्जिंग दोन्ही ठीक. पत्र्यातून वायर नेताना भोकाच्या कडेला रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, घालावा. तो न घालण्याइतकी कसली घाई असते, मला कळत नाही.

तापमानाचा मीटर बसवण्याआधी मी घरी तपासला. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, सेंडर तारेने टांगला, त्याच्या अंगाला बॅटरीची अर्थिंगची तार जोडली, शेजारी थर्मामीटर धरला. पाणी खळखळतंय आणि थर्मामीटर ९७ च्या थोडा पुढे जाऊन थांबलेला. आधी वाटलं थर्मामीटरच चुकतोय. मग लक्षात आलं, बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. रेडिएटरचं प्रेशरचं झाकण हा उकळबिंदू वर ढकलतं. पण त्याचं रबर कडक झालं असेल तर घाट चढून वर आल्यावर पाणी लवकर उकळायचं. मीटर बसवणाऱ्याने झाकण आधी बदलावं.

त्या मीटरचं चीज झालं शिवजयंतीच्या मिरवणुकीत. आमच्या गल्लीच्या चित्ररथापुढे माझी जीप असते. रात्रभर पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चालायचं, पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतो, वारा मिळत नाही. पहाटे काटा ९५ वर चढताना दिसला. मी जीप बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, अर्धा तास थंड होऊ दिली. पोरं ढोल वाजवत पुढे गेली, मी नंतर गाठलं. हा मीटर नसता तर त्या रात्री हेडचं गॅसकेट गेलं असतं.

गॅरेजवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मूळ डॅशबोर्ड कापायच्या आधी गाडीच्या मालकाला एकदा, आणि घरात वडीलधारं कोणी असेल तर त्यांनाही, समोर उभं करून विचारा. आणि मुलांनो, आपलं गाव ओतकामाचं आहे. एक लहानसा ॲल्युमिनियमचा पॅनेल ओतून द्यायला नाही म्हणणारे हात इथे कमी आहेत.

माझा सागवानी पॅटर्न अजून घरी माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला आहे. तो सीजे-३बी जीपला बसतो. कोणाला हवा असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. पैसे नकोत. काम झालं की पॅटर्न पुसून परत आणून द्यावा, आणि येताना जीप घेऊन यावी. मला बघायची आहे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
अनगोळ, बेळगाव