पीडीएफ फुकट दिली म्हणून पुस्तक खुले होत नाही
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

नव्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके सध्या राज्यात तयार होत आहेत. 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली आणि बाकीच्या इयत्तांची पुस्तके पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत. म्हणजे लेखकांच्या बैठका, चित्रकारांची कामे, मुद्रिते तपासणे हे सगळे आत्ता चालू आहे. पाठ्यपुस्तक एकदा छापून वाटले गेले की बरीच वर्षे त्याला कोणी हात लावत नाही. त्यामुळे जे सांगायचे ते आत्ताच सांगितलेले बरे.

मी डीटीपीवाला. पेजमेकरच्या जमान्यापासून मराठी अक्षरांच्या जुळणीवर पोट भरतो. गेली काही वर्षे फावल्या वेळात, अंध आणि क्षीणदृष्टी मुलांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या मंडळींना फायली दुरुस्त करून देतो. शिक्षणतज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. पुस्तकाच्या पोटात काय असते हे रोज पाहणारा माणूस म्हणून लिहितो आहे.

राज्यातले कोणतेही शालेय पाठ्यपुस्तक उघडा. मुखपृष्ठ उलटले की बारीक टाइपात एक मजकूर असतो: सर्व हक्क महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाकडे, आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय पुस्तकातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. त्याच पुस्तकावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करा आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर डिजिटल पुस्तक व व्हिडिओ पाहा, असे आमंत्रणही असते. या, बघा, वाचा; पण इथले काही घेऊन जाऊ नका!

बालभारतीचा मान मी जाणतो. 1967 पासून मराठीबरोबर उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी, तेलुगू अशा भाषांतून पुस्तके काढणे आणि तीही गरिबाला परवडतील अशा किमतीत, हे सोपे काम नाही. सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ संकेतस्थळावर मोफत ठेवल्या, हेही चांगलेच केले. पण मोफत म्हणजेच खुले (कोणालाही घेऊन, बदलून, पुढे वाटता येईल असे), असे आपले खाते धरून चालते असे दिसते, आणि माझे म्हणणे नेमके इथेच सुरू होते.

धारणी-चिखलदऱ्यातल्या एखाद्या गुरुजींना परिसर अभ्यासाचा पाठ कोरकूत करून तिकडच्या शाळांना द्यायचा आहे. भामरागडच्या बाईंना तो माडियात हवा आहे, धडगावात पावरीत. वर्गापुरते म्हणाल तर कायदा त्यांच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात प्रत काढण्याची मुभा आहे, आणि दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा बऱ्यापैकी उदार अर्थ लावला. पण तोच कोरकू पाठ यूट्यूबवर टाकला, चित्रांसकट छापून शेजारच्या केंद्रातल्या शाळांत वाटला, की मामला धूसर होतो. गुरुजी काही वकील नव्हेत. ते लेखी परवानगीची ओळ वाचतात आणि फाइल आपल्याच लॅपटॉपमध्ये ठेवून देतात. परवानगीचा अर्ज पुण्याला पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची, तोवर मुले पुढच्या वर्गात गेलेली असतात.

काही वर्षांपूर्वी मंडळाने कॉपीराइट धोरण आणले. पुस्तकांवर आधारित साहित्य काढणारे प्रकाशक, क्लासेस, ॲपवाले यांनी शुल्क भरून परवाना घ्यावा, असे ते धोरण. गाइडवाल्यांनी सरकारी पुस्तकांवर बख्खळ पैसा केला, हा राग मला समजतो. पण या जाळ्यात मोठा मासा पैसे भरून सुटतो, आणि धडगावची बाई अडकते.

यावर उपाय नवा नाही. क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा खुला परवाना पुस्तकावर छापायचा: श्रेय द्या, बदल केला असेल तर तसे सांगा, आणि तुमची आवृत्तीही याच अटीवर इतरांना वापरू द्या. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. गाइडवाल्याने पाठावर काम करून पैसे कमावले तर कमवू देत. पण त्याने केलेले कामही मग सगळ्यांसाठी खुले राहील. 'व्यापारी वापर नको' अशी अट घालण्याचा मोह आपल्या खात्याला होईल. माझे मत विचाराल तर ती घालू नये. जिल्ह्याच्या गावचा छापखाना पाचशे प्रती काढून पंधरा रुपयांना विकतो, तोही व्यापारच ठरतो.

युनेस्कोने नोव्हेंबर 2019 मध्ये खुल्या शैक्षणिक साहित्याविषयीची शिफारस स्वीकारली. केंद्राने त्याआधी, 2013 मध्येच अशा साहित्याचे राष्ट्रीय भांडार सुरू केले होते. त्याच वर्षी गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे खंड खुल्या परवान्याखाली दिले. लहानशा राज्यातल्या विद्यापीठाला जे जमले ते आपल्याला जड जाऊ नये. आणि गंमत पाहा, ज्या दीक्षावर आपले क्यूआर कोड नेतात ते दीक्षा सनबर्ड नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे आहे. त्याचा कोड कोणीही उतरवून घ्यावा, हवा तसा बदलावा. आपल्या पाचवीच्या पुस्तकातल्या परिच्छेदाला मात्र लेखी परवानगी!

आता थोडे माझ्या धंद्यातले. परवाना हा अर्धाच भाग झाला; उरलेला अर्धा फाइलमध्ये असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने अंध-अपंगांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला परवानगीच लागत नाही. अंधांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, 2014 साली. म्हणजे मी जे काम करतो त्याला कायद्याची आडकाठी शून्य. अडतो तो टंक, म्हणजे फॉन्ट.

जुन्या डीटीपी टंकात जुळवलेली मराठी पीडीएफ घ्या. पडद्यावर अक्षर सुरेख दिसते. एक परिच्छेद कॉपी करा आणि वर्डमध्ये पेस्ट करा. 'पर्जन्य' असेल तिथे डॉलर, उलटी अवतरणे, मधेच एक कॅपिटल आर, अशी रांगोळी उमटते. कारण त्या टंकांत देवनागरीचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतेच. डोळस माणसाला काही कळत नाही. पण अंध मुलगा एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लावून तीच फाइल उघडतो, तेव्हा त्याला ती रांगोळी मोठ्याने वाचून दाखवली जाते. शोध चालत नाही, भाषांतर चालत नाही, मोबाइलच्या लहान पडद्यावर ओळी मोडून अक्षर मोठे होत नाही. मग आम्ही काय करतो? पाने स्कॅन करून ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) मारतो आणि जोडाक्षरे हाताने सुधारत बसतो. 'र्‍य' आणि 'र्य' यांच्यात ओसीआर हटकून घोळ घालते. जो मजकूर कोणीतरी एकदा टाइप केलेलाच आहे, तो पुन्हा जन्माला घालायचा.

युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षराला संगणकात स्वतःची जागा देणारी पद्धत, वापरा असे शासनाचेच आदेश आहेत. पत्रव्यवहारात ते बऱ्यापैकी पाळलेही जातात. पुस्तकजुळणीत अडचण अशी की छापखान्याकडे जाणारी अंतिम फाइल 'दिसायला' बरोबर असली की काम संपले, असे सगळेच धरतात, आम्ही डीटीपीवालेही. निविदेत तशी अट नसेल तर कोणी कशाला डोके लावेल? म्हणून अट निविदेत घाला: मजकूर युनिकोडमध्येच जुळवलेला असावा, पीडीएफसोबत ईपब (पडद्याच्या मापाने ओळी जुळवून घेणारे ई-पुस्तक) यावे, चित्रांना वर्णनाची ओळ असावी, गणिताची सूत्रे चित्र म्हणून न चिकटवता सूत्र म्हणून यावीत, आणि मूळ संपादनयोग्य फाइल मंडळाकडे जमा झाल्याशिवाय बिल निघू नये. शेवटची अट घातलीत तर बाकीच्या निम्म्या आपोआप पाळल्या जातील, हे अनुभवाने सांगतो.

भाषाविषयांचे काय, हा प्रश्न आपले अधिकारी पहिल्याच बैठकीत काढतील आणि तो रास्त आहे. मराठीच्या पुस्तकातल्या कविता, उतारे लेखकांचे किंवा त्यांच्या वारसांचे असतात. शासन दुसऱ्याची वस्तू खुली करू शकत नाही. तिथे परवाना पाठागणिक लावावा लागेल: स्वाध्याय, टिपा, चित्रे खुली; कविता राखीव, आणि तसे त्या पानावर छापलेले. नकाशांच्या बाबतीतही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अटी आहेतच. पण गणित, विज्ञान, परिसर अभ्यास, कार्यानुभव ही मंडळाने मानधन देऊन लिहवून घेतलेली पुस्तके आहेत. तिथे लेखक-चित्रकारांशी होणाऱ्या करारात एक कलम वाढवायचे आहे, इतकेच. पुस्तक छापून झाल्यावर हे करायला गेलात तर प्रत्येक चित्रकाराला शोधत फिरावे लागेल.

उत्पन्न बुडेल ही दुसरी भीती. पहिली ते आठवीची पुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत समग्र शिक्षा योजनेतून मोफतच जातात. पुढच्या इयत्तांची विकत घ्यावी लागतात. पण पीडीएफ आजही मोफत आहे आणि तरी लोक छापील प्रत घेतात, कारण तेवढी पाने झेरॉक्स करायला पुस्तकापेक्षा जास्त पैसे पडतात.

पाहण्याची सोय मुलांकडे किती आहे, हेही मनात असू द्या. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन फक्त 31 टक्क्यांकडे, आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा कमी. म्हणजे फोन बापाचा किंवा भावाचा, संध्याकाळी तासभर हातात येणारा, नेटपॅक संपत आलेला. अशा फोनसाठी दोनशे एमबीची पीडीएफ आणि व्हिडिओ हा डिजिटल शिक्षणाचा मार्ग होत नाही. दोन-तीन एमबीचे ईपब, एकदा उतरवले की नेटशिवाय चालणारे आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवता येणारे, हा होतो. आणि ते पुढे पाठवणे गुन्हा नाही, हे पुस्तकावरच लिहिलेले हवे.

पुस्तक वाचायला लॉगिनही लागू नये. 2023 च्या जानेवारीत 'वायर्ड' मासिकाने बातमी दिली होती की दीक्षाच्या साठवणुकीतला एक सर्व्हर उघडा राहिल्याने दहा लाखांहून अधिक शिक्षकांचा आणि लाखो विद्यार्थ्यांचा तपशील बाहेरून दिसत होता. त्याच वर्षी झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि पाळत ठेवण्याला बंदी अशी तरतूद आहे. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटण्याचा प्रश्न येत नाही. फाइल ठेवा, नाव विचारू नका.

शाळेबाहेरच्यांचा विचार तर या सगळ्यात सर्वांत आधी यायला हवा होता. सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसणारी बाई, मुक्त विद्यालय मंडळाची परीक्षा देणारा ऊसतोड मजुराचा मुलगा. यांना ना वर्ग, ना शिक्षक, ना जूनमध्ये मिळणारा पुस्तकांचा संच. याच राज्याने 1989 मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ काढले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून पुस्तक कसे लिहावे, याचा तीन दशकांचा अनुभव तिथे आहे. ते खाते आपले नाही, उच्च व तंत्रशिक्षणाचे आहे, पण मंत्रिमंडळ एकच आहे. त्यांची स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि आपली शालेय पुस्तके एकाच खुल्या परवान्याखाली आली, तर सतरा नंबरवाल्यांसाठी नवीन काही लिहायची फारशी गरज उरणार नाही.

जाता जाता बालचित्रवाणीबद्दल. 1984 मध्ये पुण्यात सुरू झालेली ही संस्था 2017 मध्ये बंद झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम बघत माझ्या पिढीतली निम्मी मुले मोठी झाली. हजारो कार्यक्रम सरकारी पैशाने तयार झाले. त्यांच्या फिती आज कुठे आहेत, त्यांपैकी किती अंकीय झाल्या, याची यादी आपल्या खात्याने जाहीर करावी. आणि ज्या शाबूत आहेत त्या परवान्यासह इंटरनेटवर ठेवाव्यात. चुंबकीय फीत पुण्याच्या पावसाळ्यात फार वर्षे टिकत नाही, तेव्हा हे काम समितीच्या अहवालाची वाट पाहत बसण्यासारखे नाही.

सगळे एकदम करा असे मी म्हणत नाही. यंदा छपाईला जाणाऱ्या संचातले एक पुस्तक घ्या. माझी निवड गणिताची, कारण तिथे कविता नाहीत आणि सूत्रांची परीक्षा होते. ते युनिकोडमध्ये, ईपबसह, खुल्या परवान्याखाली काढा. छपाईआधी ते एखाद्या अंधशाळेतल्या दहा मुलांना आणि मेळघाटातल्या एखाद्या केंद्राच्या शिक्षकांना वापरायला द्या. काय अडते ते ते सांगतील, आम्हा डीटीपीवाल्यांपेक्षा नेमके. निविदेतल्या तांत्रिक अटींचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देईन, मानधन नको. फक्त तो मसुदा ज्या टेबलावर जाईल तिथल्या अधिकाऱ्याला एखादी फाइल कॉपी-पेस्ट करून पाहायला सांगा.

आपला,
एक डीटीपीवाला, पुणे