सर, तुम्ही आजींचा प्रश्न आधी घेतलात

आदरणीय सर,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

वेगवेगळ्या सेमिनरींतले (पाळक घडवणाऱ्या विद्यालयांतले) प्राध्यापक, चर्चचे पाळक आणि मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेचे) अधिकारी 'मंडळीचं, म्हणजे चर्चचं, ऐक्य आणि मिशन' या विषयावर विचार करायला साताऱ्यात जमले, त्या सभेचा आभाराचा ठराव पंच कमिटीने रीतसर केलाच आहे. हे पत्र महिला मंडळाचं. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते सांगली, मिरज, कोल्हापूरच्या मंडळींनाही कळावं असं आम्हाला वाटतं.

अशा सभा आम्ही पूर्वीही पाहिल्या आहेत. विद्वान व्यासपीठावर बसतात, पेपर वाचतात, आम्ही स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देतो आणि मधल्या सुट्टीत चहा नेऊन देतो. आमची ना नाही, आलेल्यांची सेवा आम्हाला आवडते. पण या वेळी नाव नोंदवायच्या टेबलापाशीच तुम्ही विचारलंत, "गावागावांतून आलेल्या बायका कुठे बसणार आहेत?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतः खुर्च्या सरकवायला लागलात. व्यासपीठ रिकामं राहिलं. सगळे एकाच गोलात बसले, आणि आमच्या आजी तुमच्या शेजारी.

या आजी कोरेगावकडच्या. आयुष्यभर खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगत फिरल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच परवानगीने इथे लिहितेय. नातीचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा विधी, तान्हेपणी आमच्या मंडळीत झाला. लग्न ठरलं ते दुसऱ्या मंडळीतल्या मुलाशी. तिथे सज्ञान झाल्यावर, पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्माच खरा मानतात. मुलीने पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय लग्न लावणार नाही, असं तिकडून कळलं. आजींनी एवढंच विचारलं, "मग माझ्या पोरीला त्या दिवशी देवाने आपलं म्हटलं नव्हतं का?"

तुम्ही डायरी काढलीत, प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलात, परत वाचून दाखवलात, "असंच ना आजी?" म्हणून विचारलंत. मग संयोजकांना सांगून सकाळचे सगळे पेपर दुपारवर ढकललेत. लांबून आलेल्या एक-दोन प्राध्यापकांना ते रुचलं नाही, हे आम्हाला बसल्या जागी दिसत होतं. तरी तुम्ही मागे हटला नाहीत. सर, या एका गोष्टीसाठी आमचं मंडळ तुमचं कायम ऋणी राहील.

पुढे जी चर्चा झाली, तशी मी चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. सातारा, वाई हा भाग अमेरिकन मराठी मिशनचा आणि कोल्हापूर, सांगली, मिरज प्रेस्बिटेरियन मिशनचा, हे आम्ही घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून होतो. पण 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली तेव्हा हे दोन प्रवाह एका मंडळीत आले, आणि तिथून 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली, हा धागा तुम्ही जोडून दाखवलात. नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत बाप्टिस्ट आणि ब्रदरन होते, म्हणजे सज्ञानांनाच बाप्तिस्मा देणारे, आणि अँग्लिकन होते, म्हणजे तान्ह्या बाळांना देणारे. 1929 पासून बोलणी चालू होती. चाळीस वर्षं! शेवटी कोणी कोणावर आपली रीत लादली नाही, दोन्ही रीती एकाच मंडळीत मान्य झाल्या. अगदी शेवटच्या टप्प्यावर मेथडिस्टांच्या मोठ्या मंडळीने यायचं नाही असं ठरवलं, हेही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. ऐक्याच्या सभेत तुटलेल्या धाग्याचं नाव घ्यायला धीर लागतो.

नंतर पेरूची राजधानी लिमा इथे 1982 मध्ये बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवकपण या विषयांवर तयार झालेल्या मसुद्याबद्दल बोललात. निरनिराळ्या परंपरांचे ईशज्ञानी तिथे एकत्र बसले होते. बाप्तिस्मा पुन्हा करायचा विधी नाही, आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल अशी कुठलीही रीत टाळावी, असं त्यात स्पष्ट आहे. हे ऐकताना आजी पदराने डोळे पुसत होत्या. मुक्तिफौजेच्या मेजर बाई तिथेच होत्या. त्यांच्याकडे तर बाप्तिस्म्याचा विधीच नाही. तुम्ही त्यांनाही बोलायला लावलंत आणि सगळ्यांनी ते मान देऊन ऐकलं.

पण नुसत्या कागदाच्या आधारावर तुम्ही निकाल दिला नाहीत. संध्याकाळी आमच्या पाळकसाहेबांना बरोबर घेऊन त्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकांच्या घरी गेलात. तिथे काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. पण लग्नाच्या आधी मुलीने भर मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली दिली, आणि दोन्ही पाळकांनी मिळून तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पुन्हा पाण्यात उतरायचा विषय कोणी काढला नाही. लग्न छान झालं.

सभेच्या दुसऱ्या दिवशीचा विषय मिशन होता. तुम्ही योहानाच्या सतराव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना वाचलीत. "त्या सर्वांनी एक व्हावे" इथपर्यंत आम्हाला पाठ होतं. तुम्ही पुढचं वाचायला लावलंत: जगाने विश्वास धरावा म्हणून. मग स्पष्ट बोललात, की एकाच गावात तीन चर्च, तीन नाताळच्या मिरवणुका आणि मिशन कंपाउंडच्या जमिनीवरून कोर्टाच्या तारखा, हे बघणाऱ्याने कशावर विश्वास धरायचा? ते लागलं. लागायलाच हवं होतं, असं माझं मत आहे.

साताऱ्याचंच उदाहरण दिलंत, तेही आवडलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये इथे आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत, मे 1919 मध्ये, टिळक गेले. आम्ही त्यांची भजनं लहानपणापासून म्हणतो, पण त्यांनी शेवटी हे धाडस आपल्याच गावात केलं, हे आमच्या तरुण संघातल्या मुलांना माहीत नव्हतं. मिरजेहून आलेल्या नर्सबाईंनी त्याला जोड दिली डॉक्टर वॉन्लेस यांची. 1894 मध्ये मिरजेला त्यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, आणि तिथे येणाऱ्याला जात-धर्म विचारून खाट दिली नाही.

आता इकडची खुशाली. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबं आमच्या भागात येतात, कारखान्याच्या आसपास त्यांच्या खोपी पडतात. मुलांची शाळा सुटते, मोठी पोरं धाकट्यांना सांभाळतात. यंदा आमची मंडळी, ती दुसरी मंडळी आणि मुक्तिफौज मिळून तिथे संध्याकाळचा वर्ग चालवतो. लिहिणं-वाचणं, पाढे, आणि गरम खिचडी. वर्गात कोणी कोणाच्या चर्चचं नाव काढत नाही. नवरीमुलगी आणि तिचा नवरा दोघंही शिकवायला येतात. त्या दुसऱ्या पाळकसाहेबांनी बसायला सतरंज्या दिल्या, आणि तुम्हाला सलाम कळवायला आवर्जून सांगितलं आहे.

एक विनंती. सभेतल्या पेपरांचं पुस्तक निघणार असं ऐकलं. निघालं तर त्यात आजींचा प्रश्नही छापावा, सगळ्या पेपरांच्या आधी. आणि पुढची सभा सांगलीला घ्यायचं चाललं असेल, तर स्वयंपाकाची काळजी करू नका. आम्ही येतो, फक्त आमच्या खुर्च्या गोलात ठेवा.

प्रभू तुम्हाला आणि घरच्या सर्वांना उत्तम आरोग्य देवो.

आपली,
सेक्रेटरी, महिला मंडळ,
सातारा