प्लॅन बघितला, आता त्यात एकदा चालून बघ

प्रिय सोनू,

तुझा प्लॅन काल रात्री आला. मोबाइलवर बोटांनी मोठा-छोटा करून मला घर नीट दिसेना, म्हणून सकाळी प्रिंट काढून आणली आणि टेबलावर पसरून बसलो. आधी हे सांगतो की फार बरं वाटलं, तुम्ही दोघांनी बसून खालचा मजला वरचा मजला सगळं स्वतः आखलंत, आर्किटेक्टकडे जायच्या आधी आपल्याला काय हवंय ते कागदावर मांडलंत, हे अगदी बरोबर केलंत. लाल पेनाने खुणा केल्यात त्याचे फोटो पाठवतोय, पण नुसत्या लाल खुणा बघून तुला वाटेल बाबांना काहीच आवडलं नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, तू खोल्या काढल्यास पण खोल्यांमध्ये सामान काढलं नाहीस. तुमची बेडरूम १० बाय १२ दाखवलीयस, पण ते माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं दिसतंय. ९ इंची भिंती असतील तर आतून १० फुटांचे सव्वानऊच उरतात, वर प्लॅस्टर खाईल ते वेगळंच. आता बेड साडेसहा फूट लांब, त्याच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीला तू कपाट लिहिलंयस, ते २ फूट खोल. साडेआठ झाले. म्हणजे बेड आणि कपाट यांच्यात राहिले ९ इंच, तिथून माणूस जाणार नाही आणि कपाटाचं दार तर उघडणारच नाही. खोली लहान आहे असं नाही, कपाट चुकीच्या भिंतीवर आहे. ते बाजूच्या भिंतीला घे, १२ फुटांच्या अंगाला जागा आहे. प्रत्येक खोलीत बेड, टेबल, सोफा मापाने कापून ठेव, जाड कागदाचे तुकडे चालतील, आणि सरकवून बघ. दारं सुद्धा काढ, उघडलेली, कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवून. आता पॅसेजमध्ये तुझी दोन दारं एकमेकांवर आपटतायत, आणि लाइटचं बटण दाराच्या मागे जाणार आहे, रोज आत जायचं, दार लोटायचं आणि मग अंधारात चाचपायचं.

आता जिना. यावर मी सकाळी सगळ्यात जास्त वेळ घालवला कारण नंतर हलवता येत नाही अशी घरात हीच एक गोष्ट, भिंत एखादी पाडता येते पण जिना स्लॅबमधून जातो. तू सरळ जिन्याला ९ फूट लांबी ठेवलीयस. एका मजल्याची उंची, खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत, १० फूट धर, म्हणजे १२० इंच. एक पायरी ७ इंच चढली तर १७ चढ होतात, १७ चढांना १६ पायऱ्या कारण शेवटचा पाय वरच्या फरशीवरच पडतो. पाय पूर्ण टेकायला पायरी १० इंच तरी रुंद हवी. १६ गुणिले १० म्हणजे १६० इंच, १३ फूट ४ इंच. तुझ्या ९ फुटांत बसवायचं तर पायरी पावणेसात इंचांची होते, ती शिडीच झाली, उतरताना टाच मागच्या पायरीला घासते आणि माणूस तिरका पाय टाकायला लागतो. हातात झोपलेलं मूल घेऊन रात्री त्यावरून उतरायचंय तुम्हाला. त्यापेक्षा जिना मध्ये वळव, लँडिंग दे, खाली ८ पायऱ्या आणि वर ७. मग ८० इंच अधिक ३ फुटांचं लँडिंग, ९ फूट ८ इंचांत आरामात बसतो, फक्त रुंदीला दोन जिन्यांची जागा लागेल, साधारण साडेसहा फूट. ती दिवाणखान्यातून घ्यावी लागेल हे मला माहितीये. घे. आणि एक पायरी ७ इंच आणि दुसरी साडेसात असं कुठेही होऊ देऊ नकोस, पाय न बघता चढतो, त्याला पहिल्या दोन पायऱ्यांतच अंदाज येतो आणि मग जी पायरी वेगळी असते तिथेच माणूस पडतो.

वरचं बाथरूम तू जेवणाच्या टेबलाच्या बरोबर डोक्यावर ठेवलंयस. ते खालच्या बाथरूमच्या किंवा किचनच्या वर आण. संडासाचा पाइप ४ इंची असतो, आडवा जितका लांब न्याल तितका त्याला उतार द्यावा लागतो, साधारण ४० इंचाला १ इंच, मग तो स्लॅबखाली लोंबतो आणि झाकायला खोटं सीलिंग करावं लागतं, आणि कधी लीक झालंच तर ते ताटावर. एकाखाली एक असलं की पाइप सरळ खाली जातो, काही झालं तर प्लंबरला कुठे बघायचं ते कळतं.

ऊन-वाऱ्याचं थोडक्यात, तुमच्या बेडरूमची एकुलती एक मोठी खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळचं ऊन खालून तिरपं येतं, छज्जा कितीही काढला तरी ते अडत नाही, भिंत तापते आणि रात्री झोपायच्या वेळी ती उष्णता आत सोडते. आणि हवा आत यायची तर बाहेर जायलाही वाट हवी, दुसऱ्या भिंतीत लहान का होईना एक खिडकी काढ.

आता जे सांगायचंय ते जरा जपून सांगतो. खाली तू एक खोली 'गेस्ट' लिहिलीयस आणि तिला बाथरूम नाही, बाथरूम जिन्याखाली, त्याचं दार सव्वादोन फुटांचं. तुला आजीची शेवटची दोन वर्षं आठवतात का, तू तेव्हा होस्टेलवर होतीस, तुला सगळं सांगितलं नव्हतं. आपल्या जुन्या घरातल्या बाथरूमचं दार असंच होतं, अरुंद आणि आत उघडणारं. व्हीलचेअर दारातच अडायची, मग मी आणि आई तिला दोन्ही बाजूंनी धरून आत न्यायचो. एकदा ती एकटीच गेली आणि आत पडली, पडली ती नेमकी दाराला टेकून. मी बाहेरून दार ढकलत होतो आणि ढकललं की तिलाच लागत होतं, ती आतून सांगत होती, ढकलू नको रे, थांब. शेवटी सुतार येईपर्यंत मी दाराबाहेर जमिनीवर बसून तिच्याशी बोलत होतो. अर्धा पाऊण तास. त्याने चौकट काढली तेव्हा ती बाहेर आली. दार बाहेर उघडणारं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, एवढंच होतं ते.

म्हणून खालच्या खोलीला लागून बाथरूम दे. दाराची चौकट ३ फुटी, दार बाहेर उघडणारं नाहीतर सरकतं, आत व्हीलचेअर वळेल अशी ५ फुटांची मोकळी जागा, उंबरा नको, आणि कमोडच्या बाजूची भिंत भक्कम विटांची ठेव म्हणजे पुढे कधी धरायला दांडा बसवायचा झाला तर बसवता येईल. हे मी आमच्यासाठी मागतोय असं समजू नकोस, आम्ही तिथे राहायला येऊ का नाही ते नंतर बघू. तुझा पाय मोडला तरी तीच खोली लागेल, बाळंतपण झालं तरी जिना नको वाटेल. तोवर तिथे अभ्यासिका कर, शिवणकाम कर, काहीही कर.

आर्किटेक्टची तारीख अजून लांब आहे ना, तर त्याआधी प्लॉटवर जाऊन चुन्याची फक्की टाकून हे सगळं खऱ्या मापात जमिनीवर आखू. गाडीतून उतरून दोन्ही हातात सामान घेऊन किचनपर्यंत चाल, ओले कपडे घेऊन मशीनपासून वाळत घालायच्या जागेपर्यंत चाल, रात्री बेडवरून उठून बाथरूमपर्यंत डोळे अर्धे मिटून चाल. जिथे थबकशील तिथे दगड ठेव. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत जमेल का सांग, ५० फुटी टेप माझ्याकडे आहे, दुसरं टोक मी धरतो.

बाबा