नंदूला, जर्मनीला निघण्याआधी

पुणे,
रविवार रात्र

प्रिय नंदू,

बातमी वहिनींकडून कळली. कंपनी तुला जर्मनीतल्या नव्या कारखान्याचा प्रमुख करून पाठवतेय आणि तू इथून सहा जण सोबत नेणार आहेस म्हणे. अभिनंदन अगदी मनापासून. त्या सहा जणांचं मात्र पुन्हा बघ.

चाकणला परदेशी कंपनीत माझी अठरा वर्षं गेली, चार साहेब पाहिले. तिसऱ्याने आल्या आल्या डायची, म्हणजे सुटे भाग घडवायच्या साच्याची, ट्रायल गुरुवारी ठेवली. गुरुवारी भोसरीतली निम्मी वर्कशॉप बंद असतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डाय अडली की दुरुस्त करून द्यायला कोणी नाही, लाइन दुपारपर्यंत उभी. असे पाच गुरुवार गेले. स्टोअरच्या जाधवमामांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, पण विचारणार कोण? वरच्या बैठकीत सगळे तिकडचेच. हळूहळू साहेब शिकला, मिसळही खायला लागला, आणि तीन वर्षं भरली म्हणून परत गेला. चौथ्याची शिकवणी पुन्हा श्रीगणेशापासून.

तू निघालास त्याच देशात वॉलमार्ट या अमेरिकी दुकानवाल्या कंपनीने हात पोळून घेतले. १९९७ मध्ये दुकानं घेतली, प्रमुख अमेरिकेतून आणला. त्याला जर्मन येत नव्हतं. उशांचे अभ्रे अमेरिकी मापाचे मागवले आणि जर्मन उशी असते चौकोनी, ८० बाय ८० सेंटिमीटर. काउंटरवरच्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. (उशीपायी कंपनी बुडत नाही, आल्डी या तिथल्या स्वस्त दुकानांचे भाव नडले हेही खरं.) २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून मंडळी परतली.

पण सगळं तिथल्यांवर सोडून दे, असंही नाही. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला होता. १९८४ मध्ये टोयोटाने त्यांच्याच भागीदारीत तो चालू केला. बहुतेक कामगार जुनेच, युनियन तीच, आणि दांड्या मारण्यात ही माणसं बदनाम. शेकडो जणांना जपानला नेऊन प्रत्यक्ष लाइनवर शिकवलं, लाइन थांबवायची दोरी त्यांच्याच हाती दिली. त्याच माणसांनी चांगल्या गाड्या काढून दाखवल्या.

तेव्हा दोघंच ने, एक डाय कळणारा आणि एक हिशेबाचा. उरलेल्या चौघांच्या खर्चात तिथले फोरमन महिनाभर पुण्याला बोलाव. आणि निदान पाच वर्षं राहणार असशील तरच हो म्हण. पोरीची दहावी आडवी येईल, माहीत आहे; वहिनींशी नीट बोल.

जाण्याआधी एकदा चाकणला ये. जाधवमामा या महिन्यात निवृत्त होतायत.

तुझा,
विन्या